दहा नावं मागणाऱ्या भाचीला

अशोका गार्डन, भोपाळ

चि. ठमीस,


तुझा निरोप पोचला. "मामा, भारी पण कोणी न बघितलेल्या दहा अ‍ॅनिमे मालिका सांग, आमच्या वर्गात कोणालाच माहीत नसलेल्या." यातल्या पहिल्या अर्ध्या वाक्याबद्दल तुला शाबासकी देतो आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी हे पत्र लिहितो. फोनवर बोललो असतो तर तू "हो मामा, हो मामा" करत दुसऱ्या हाताने कुठला तरी भाग पुढे ढकलत बसली असतीस.

दहा नावं मिळणार नाहीत. तीन देतो. बारावीचं वर्ष आहे, तीन पुष्कळ झाली. पण आधी त्या "वर्गात कोणालाच माहीत नसलेल्या"चं बघू.

कोणी न बघितलेली गोष्ट आपण बघितली यात आपलं कर्तृत्व काहीच नसतं. तुझ्या वर्गातल्या ज्या मुलाला तू तोंड वाकडं करून "नारुतोवाला" म्हणतेस, त्याने नारुतोचे 220 आणि शिप्पुदेनचे 500 असे 720 भाग बघितलेत. त्याला एकदा विचार, रॉक ली पायातली वजनं काढून टाकतो तो प्रसंग तुला का आवडला? तो सुटेल आणि थांबणार नाही. मग तुझ्या त्या दुर्मिळ मालिकेबद्दल तुला तेवढं बोलता येतं का ते बघ. "अंडररेटेड आहे यार" यापलीकडे जीभ वळत नसेल तर तू मालिका बघितली नाहीस, नाव पाठ केलंस. आणि नावं पाठ करायला रसायनशास्त्र आहेच.

"आमच्या वेळी" म्हटलं की तू डोळे फिरवतेस, तरी ऐक. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'द जंगल बुक' लागायचं. अशोका गार्डनमधल्या ज्या घरात टीव्ही होता त्या घरात पोहे-जलेबीच्या पुड्या घेऊन चार घरची पोरं जमायची. ही जपानी मालिका आहे हे आम्हा कोणाच्या गावीही नव्हतं. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने ती 1989 मध्ये केली, 52 भागांची. आमच्यापर्यंत ती आली ती गुलज़ारांचे शब्द, विशाल भारद्वाजचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज घेऊन. एका मुरूड-जंजिऱ्याकडच्या माणसाने जपानी वाघाला हिंदीत दरडावणं शिकवलं, हे मला आजही मोठं विलक्षण वाटतं. आणि तो वाघ तरी कुठला? किपलिंगने मोगलीला सोडलं ते सिवनीच्या डोंगरांत. तुझ्या नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलीस की पेंचचं जंगल ओलांडून येणारं तेच सिवनी. कथेतली वैनगंगा तिथेच उगम पावते आणि पुढे आपल्या भंडाऱ्यातून वाहते. म्हणजे गोष्ट आमच्या राज्यातली, लिहिली इंग्रजाने, चितारली जपान्यांनी, आणि आम्हाला वाटायचं दूरदर्शनवाल्यांनी दिल्लीत बसून काढली.

हे सांगतोय त्याला कारण आहे. हिंदी डब बघणाऱ्यांना तू हसतेस. "खरे चाहते जपानीतच बघतात" हे वाक्य तुझ्या तोंडून मी ऐकलंय. जपानीत बघ, जरूर बघ. मीही आता तसंच बघतो, सबटायटल वाचत. पण ज्या भाषेत माणूस पहिल्यांदा घाबरला आणि हसला, त्या भाषेची त्याला लाज वाटायला लावू नये. तू जन्मलीस त्या 2008 साली शिनचॅनवर सरकारने बंदी घातली होती, पोरं वाह्यात होतात म्हणून. पुढच्या वर्षी तो काटछाट होऊन परत आला. तुझ्या आईने मात्र आपल्या घरातली बंदी फार नंतरपर्यंत उठवली नाही. ती बंदी हिंदी डबवरच होती ना? जपानीत बोलणाऱ्या शिनचॅनने तिचं काय बिघडवलं असतं!

आता दुर्लक्षाचं. दुर्लक्ष झालं म्हणजे वस्तू चांगलीच असते, असं नाही. 23 डिसेंबर 2012 पासून कलर्सवर 'सूरज: द रायझिंग स्टार' नावाची मालिका आली होती. जपानच्या 'क्योजिन नो होशी' या 1960 च्या दशकातल्या प्रचंड गाजलेल्या बेसबॉलकथेचा तो भारतीय अवतार. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबई, गरीब वस्तीतला मुलगा आणि त्याच्यामागे हात धुऊन लागलेला बाप. 26 भाग झाले. पैसे लावणाऱ्यांत कोकुयो होती, जिने वर्षभर आधी आपल्या दांडेकरांची कॅम्लिन घेतली होती. सुझुकी आणि निस्सिनही होत्या. मुंबईवरची अ‍ॅनिमे म्हटल्यावर मी मोठ्या उमेदीने बसलो होतो. पण त्या मुंबईत मुंबईचा घामच नव्हता. जाहिरातदारांचा माल तेवढा चकचकीत दिसायचा. आज तिचं नाव कोणी काढत नाही आणि मला त्याचं दुःख नाही. तुझ्या 'कोणालाच माहीत नसलेल्या' कसोटीला ती शंभर टक्के उतरते, हवी तर घे.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे युगो साको यांनी राम मोहन यांच्यासोबत केलेलं 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम'. चित्रपट 1992 चा. देवांना कार्टून करणार म्हणून आपल्याकडे विरोध झाला, सरकारने अंग काढून घेतलं, शेवटी काम जपानमध्ये झालं. संगीत वनराज भाटियांचं. थिएटरात त्याला धड जागा मिळाली नाही. पण टीव्हीवर तो कधीमधी लागत राहिला, ज्या पोरांनी बघितला ती मोठी झाली, आणि 24 जानेवारी 2025 ला तो भारतभर नव्याने थिएटरात लागला तेव्हा तीच पोरं आपली पोरं घेऊन गेली. मधली तीसेक वर्षं तो कोणी सांभाळला? कुठल्या यादीने नव्हे. "अगं तू ते जपानी रामायण बघितलंयस का" असं एकाने दुसऱ्याला विचारण्याने.

चांगल्या मालिका मागे का पडतात त्याची कारणं साधी आहेत. जपानमध्ये वर्षाचे चार हंगाम असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दर हंगामात डझनांनी नव्या मालिका येतात, बहुतेक बारा-तेरा भागांच्या, बऱ्याचशा मध्यरात्रीनंतर दाखवल्या जाणाऱ्या. कितीतरी मालिका मूळ मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, खप वाढावा एवढ्यासाठीच निघतात. आपल्याकडे हिंदी डब होतो तो बहुतेक मारामारीचा, कारण तो विकला जातो. शांत मालिकेला ना बाहुल्या विकायच्या असतात, ना टी-शर्ट. 2004 मध्ये आपल्याकडे अ‍ॅनिमॅक्स वाहिनी आली तेव्हा वाटलं होतं आता सगळं दिसेल. ती 2017 मध्ये बंदही झाली. एवढं कळलं की पुरे, यावर फार गळा काढण्यात अर्थ नाही.

तर तीन नावं.

पहिलं, 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू'. नाव लांबलचक आहे, त्यानेच निम्मे लोक पळतात. हारुको कुमोता यांच्या मांगावरून 2016 मध्ये तेरा आणि 2017 मध्ये बारा भाग आले. राकुगो म्हणजे जपानचा एकपात्री कथाकथनाचा जुना प्रकार. गादीवर बसायचं, उठायचं नाही, हातात एक पंखा आणि एक छोटा पंचा, बस्स. पंखा म्हणजे कधी चॉपस्टिक, कधी चिलीम, कधी तलवार. मान डावीकडे वळवली की नवरा, उजवीकडे वळवली की बायको. ऐकताना तुला काही आठवलं का? आपल्या लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न माणसं उभी केली. पु.लं.नी 'बटाट्याची चाळ' एकट्याने वसवली. कीर्तनकाराचं उपरणंही असंच क्षणात पदर होतं. ज्या घरात 'वऱ्हाड'ची कॅसेट घासून पातळ झाली त्या घरातल्या मुलीला ही मालिका परकी वाटायचं कारण नाही.

पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांब आहे, घाबरू नकोस. तुरुंगातून सुटलेला एक गुंड थेट याकुमो या बड्या कलावंताच्या दारात जातो आणि मला शिष्य करा म्हणून हटून बसतो. तुरुंगात त्याने याकुमोची 'शिनिगामी' ही गोष्ट ऐकलेली असते. याकुमो कोणालाच शिष्य करत नाही, ह्याला मात्र ठेवून घेतो. मग एक दिवस याचा जुना दादा त्याला परत धंद्यात न्यायला येतो. हा त्याला म्हणतो, आधी माझी गोष्ट ऐका. आणि रंगमंचावर बसून एका बावळट चोराची गोष्ट सांगायला लागतो. आता नीट बघ. मालिकावाले हा प्रसंग कापत नाहीत. गोष्ट चालूच राहते. आधी त्याचा आवाज चढा लागतो, घाम दिसतो, लोक थंड. दादा हाताची घडी घालून. मग कुठेतरी लय सापडते, खांदे सैलावतात, एक हसतो, मग दुसरा. चित्रकारांना आकाशात ड्रॅगन उडवायची मुभा होती, त्यांनी बसलेल्या माणसाची बोटं काढायची ठरवली. याकुमोला आवाज अकिरा इशिदा यांचा आहे. तरुण, पोक्त आणि म्हातारा, तिन्ही वयांचा याकुमो त्यांनीच बोललाय. म्हातारपणीच्या 'शिनिगामी'ला आवाज कुठे पडतो ते कान देऊन ऐक.

यातली जी बाई आहे, मियोकिची, तिच्यावर मालिकेने थोडा अन्याय केलाय असं माझं मत आहे. तू बघितल्यावर भांड माझ्याशी. आवडत्या वस्तूतली खोट दिसायला हवी. नाहीतर ती आवड नव्हे, नुसती भक्ती.

दुसरं, 'प्लॅनेटीज'. 2003-04, 26 भाग, दिग्दर्शक गोरो तानिगुची, मूळ मांगा माकोतो युकिमुरा यांचा. साल 2075. अंतराळात कचरा साचलाय, तुटके उपग्रह, सुटलेले स्क्रू, आणि तो गोळा करणारी एका कंपनीतली माणसं. ना लेझर, ना परग्रहवासी. कंपनीत या विभागाला कोणी विचारत नाही. माणसं अपुरी, पैसा अपुरा, म्हणून चेष्टेने त्याला 'हाफ सेक्शन' म्हणतात. तुझ्या आजोबांना मी ही मुद्दाम दाखवली. भेलमध्ये उभी नोकरी केलेला माणूस. अंतराळयानाकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. पण नव्याने रुजू झालेल्या तानाबेला कंपनीच्या नियमाप्रमाणे मृत्युपत्र लिहायला सांगतात आणि तिला पहिल्या ओळीपुढे काही सुचत नाही, तिथे ते चष्मा पुसून सरसावून बसले. त्याच भागात कचरा म्हणून एक शवपेटी सापडते, फार पूर्वी अंतराळात सोडलेल्या एका माणसाची, आणि ती कोणाच्या ताब्यात द्यायची यावरून घोळ होतो. आजोबा म्हणाले, "फाइल कोणाच्या टेबलावर न्यायची हे ठरलं नाही की असंच होतं." पुढचे भाग त्यांनी स्वतः मागून घेतले. यानाची कप्तान असलेल्या फी बाईला सिगरेट ओढायला जागा मिळत नाही, त्या भागाला तर ते दोनदा हसले. आणि हे सगळं कल्पनेतलं म्हणून सोडू नकोस. मालिका संपून पाच वर्षं होताहेत तोवर, 10 फेब्रुवारी 2009 ला, इरिडियम आणि कॉसमॉस हे दोन उपग्रह खरोखरच आदळले आणि कचऱ्याचे हजारो तुकडे झाले. भौतिकशास्त्राच्या अभ्यासात ही मालिका धरायची का, ते आईला विचार. माझं नाव सांगू नकोस.

तिसरं, 'मुशिशी'. 2005 पासूनचे 26 भाग, पुढे 2014 मध्ये आणखी आले. युकी उरुशिबारा यांचा मांगा. गिंको नावाचा एकडोळ्या भटक्या वैद्य गावोगाव फिरतो. 'मुशी' नावाचे जीव असतात, धड वनस्पती नाहीत, धड प्राणी नाहीत, सगळ्यांना दिसतही नाहीत. त्यांच्यामुळे माणसांना काहीबाही होतं. आपल्याकडे अशा वेळी मांत्रिक येतो, लिंबू कापतो, 'त्याला' हाकलतो. गिंको आधी विचारतो की तो जीव खातो काय आणि राहतो कुठे. त्याच्या लेखी कोणी दुष्ट नाही, प्रत्येकाला जगायचंय. दुसऱ्या भागातली ती अंधाऱ्या कोठारात राहणारी मुलगी बघ, जिला उजेड सोसवत नाही. डोळे मिटल्यावर आत आणखी एक पापणी असते, ती मिटली की उजेडाची नदी दिसते, असं ती मित्राला सांगते. मी हे वाक्य ऐकून टीव्ही थांबवला आणि डोळे मिटून बघितलं. तूही बघशील, सगळेच बघतात.

मुशिशीचा प्रत्येक भाग सुटा आहे. म्हणून रात्री एकच बघायचा. एका रविवारी सगळे संपवलेस तर तुला फक्त एवढंच आठवेल की पांढऱ्या केसांचा एक माणूस चालत होता. दीडपट वेगाने बघायची तुझी खोड तर या तिघींपुरती सोडच. तिथे शांततेला पगार आहे.

आणि आता मुख्य काम. यांतली एक मालिका एकाच माणसाला दाखव. वर्गाला नव्हे, गटावर टाकून नव्हे. एक माणूस निवडायचा, त्याचं काय आवडतं ते ओळखायचं, आणि त्याला जुळेल तो भाग काढून शेजारी बसायचं. पहिलाच भाग हवा असंही नाही. 'प्लॅनेटीज'चा पहिला भाग आजोबांना मी दाखवलाच नाही. तुझ्यासाठी माणूस मी निवडलाय, तुझी आई. ताईला राकुगोचा पहिला भाग दाखव. "ही अ‍ॅनिमे आहे" असं सांगून सुरुवात करू नकोस, ती लगेच उठेल भाजी टाकायला. सांग की यात एक माणूस 'वऱ्हाड'सारखं करतो. भाग चालू असताना तिच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, "आता बघ, आता बघ" तर मुळीच म्हणू नकोस. मधे तिने फोन घेतला तर घेऊ दे. नाही आवडलं तर विषय संपला, वाद घालायचा नाही. एखाद्याला न आवडण्याचा हक्क आपण देत नाही, म्हणून आपल्या आवडीचे लोक आपल्यापासून पळतात.

यातून काही घडत नाही असं समजू नकोस. माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' 11 ऑक्टोबर 2019 ला भारतात थिएटरात लागला तो पन्नास हजारांवर चाहत्यांनी सह्या करून मागणी केली म्हणून. त्या सह्या करणाऱ्यांत बहुतेकांना कोणीतरी एकेकट्याने शिंकाईचा आधीचा चित्रपट दाखवला असणार.

पैशांचं एक सांगून टाकतो. आमच्याकडे पूर्वी हे बघायला सरळ मार्गच नव्हता, अस्सी फीट रोडवर सीडी मिळायच्या, त्यावर नाव एक आणि आत भलतंच. आता मार्ग आहे. 2022 मध्ये क्रंचीरोल या अ‍ॅनिमेच्या ऑनलाइन सेवेने आपल्याकडचा महिन्याचा दर 79 रुपयांवर आणला होता. तुझ्या एका पिझ्झ्याहून स्वस्त. ज्या मालिकेला प्रेक्षक नाहीत असं तू ओरडतेस, तिला चोरून बघितलंस तर तू प्रेक्षकांत मोजलीच जात नाहीस.

तुझी चित्रं ताईने पाठवली होती. मोठे डोळे छान जमलेत, पण मुलगी कुठे उभी आहे ते कळतच नाही, मागे सगळं कोरं. 'मार्च कम्स इन लाइक अ लायन'मध्ये टोकियोच्या सुमिदा नदीवरचे पूल इतके खरे काढलेत की लोक मालिका बघून ते पूल बघायला जातात. सुट्टीत इकडे ये. तुला प्रभात चौराह्यावर वही घेऊन बसवतो. विजेच्या तारांचा गुंता, गच्चीवरच्या काळ्या टाक्या, कोचिंग क्लासचे एकावर एक फलक, पेरूचा ठेला. डोळे कोणाचेच काढायचे नाहीत, फक्त मागचं काढायचं. अशोका गार्डन अजून कोणत्याच मालिकेत आलेलं नाही, तेव्हा तुझी ती 'कोणालाच माहीत नसलेली' हौसही भागेल.

अ‍ॅनिमेशन शिकायचं म्हणतेस ते मी ऐकलंय. त्यासाठी 'शिरोबाको' नावाची चौथी मालिका आहे, अ‍ॅनिमेच्या कारखान्यातली. एक मुलगी रात्री-अपरात्री गाडी हाकत चित्रकारांच्या घरून चित्रं गोळा करत फिरते. ती बोर्डाची परीक्षा झाल्यावर. तोवर मागू नकोस.

आजोबांचा गुडघा बरा आहे. मामी तिखटाच्या पुऱ्या पाठवतेय, हॉस्टेलवाल्या मैत्रिणींनाही दे. ताईने पहिला भाग पूर्ण बघितला की मधेच उठली, ते कळव.

तुझा,
मामा

ता. क. माझा पासवर्ड तू वापरतेस हे मला माहीत आहे. 'पुढे बघा'च्या रांगेत मी न बघितलेल्या तेवीस मालिका अर्ध्यावर लटकलेल्या दिसतात. त्यांतल्या ज्या तुला आवडत नाहीत त्या सोडून दे, अपराध लागत नाही. पण 'प्लॅनेटीज' मधेच थांबवलीय ती आजोबांनी, तिला हात लावू नकोस.